दुष्काळांतील पिण्याचें पाणी : तें घरीं सांठविण्याची व शुद्ध करण्याची रीत

दुष्काळ पडला म्हणजे उदार गृहस्थांचें लक्ष प्रथम धान्याकडे व मागाहून गुरांच्या चाऱ्याकडे जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु मागील दुष्काळांचा इतिहास पाहतां, उपासानें क्षीण झालेलीं पुष्कळ माणसें शेवटीं पटकी व हगवण यांनींच दगावलीं असें दिसून येतें. इ. स. १९०० च्या उन्हाळ्यांत गुजराथेंतील पंचमहालांत मदतकामांवर पटकी शिरली, तेव्हां मजूर कामें टाकून पळाले. त्यापूर्वीं सोळा वर्षें, इ. स. १८८४ त, डॉ. रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचे जंतु दाखवून दिले होते. ज्ञान होतें, तें मजुराच्या घागरीपर्यंत पोंचलें नव्हतें.

हल्लीं दुष्काळी गांवांस टँकरनें पाणी पोंचतें. एप्रिल २०१६ मध्यें तर लातूर शहरासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. म्हणजे वाहतुकीचें सामर्थ्य आहे. उणें पडतें तें पुढच्या टप्प्यावर. कित्येक गांवीं टँकर आटलेल्या विहिरींत रिता करितात. तेथें दोर व बादल्या एकदम उतरतात, काठावरची माती व पायांची घाण आंत जाते, आणि मोठ्या कष्टानें मिळविलेलें तें पाणी घरीं उघड्या हंड्यांत दोन-तीन दिवस पुरवून वापरितात. टँकरचा दिवस निश्चित नसल्यामुळें सांठविल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि चांगलें आणलेलें पाणीसुद्धां घरांत हात बुडवून बिघडतें. वर्गणीचा कांहीं अंश या टप्प्यावर खर्च व्हावा, म्हणून पुढील माहिती दिली आहे. ती आपल्या घरीं व शेतावरील गड्यांच्या घरीं सारखीच लागू आहे.

पिण्यापुरतें पाणी माणशीं रोज ३ लिटर धरावें. उन्हांत राबणारास अधिक. पांच माणसांच्या घरांत तीन दिवसांची बेगमी ४५ लिटरची होते. हें पाणी वापरण्याच्या पाण्यापासून निराळें ठेवावें. भांडें अरुंद तोंडाचें, घट्ट झांकणाचें व शक्य तर तोटीचें असावें. तोटी नसेल तर लांब दांड्याचें ओगराळें ठेवून तें खुंटीस टांगावें. झांकणावर किंवा जमिनीवर ठेवलेल्या ओगराळ्याचा उपयोग नाहीं. भांडें रितें झालें म्हणजे घांसून धुतल्यावांचून पुन्हां भरूं नये. शेतावर फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे पडलेले असतात व ते गड्यांना मजबूत म्हणून आवडतात. ते कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्यास लावूं देऊं नयेत. वापरण्याच्या पाण्याचीं पिंपेंही झांकून, आठवड्यांतून एक दिवस कोरडीं करावीं. उघड्या सांठ्यांत डेंग्यूच्या डांसांची पैदास होते व दुष्काळांत एका रोगाबरोबर दुसरा घरांत येतो.

पाणी गढूळ असेल तर प्रथम निवळावें. तुरटी फिरवून रात्रभर स्थिर ठेवण्याची आपली रीत चांगली आहे. गाळण्यास मात्र नवें कापड न घेतां जुनें, धुऊन मऊ झालेलें सुती लुगडें आठपदरी करून घ्यावें. जुन्या सुताचे तंतु फुगून छिद्रें बारीक होतात. बांगलादेशांत पासष्ट गांवीं ही रीत शिकवून पाहिली असतां पटकीचें प्रमाण सुमारें निम्म्यानें उतरल्याचें इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालें. पटकीचे जंतु पाण्यांतील सूक्ष्म जीवांस चिकटून असतात व ते जीव कापडांत अडकतात, हें त्याचें कारण. तथापि नितळ दिसणारें पाणी शुद्ध असतेंच असें नाहीं.

उकळणें हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. पाणी त्याच भांड्यांत झांकून निववावें. परंतु जेथें भाकरीपुरतें सरपण मिळत नाहीं तेथें पाणी उकळण्याचा उपदेश करणें ही थट्टाच आहे. अशा घरांस क्लोरिन हाच आधार.

त्याची कृति अशी. ताज्या ब्लीचिंग पावडरींत तृतीयांशाच्या सुमारास क्लोरिन असतो. अशी ३५ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यांत कालवून, गाळ बसूं देऊन, वरचें निवळ पाणी गडद रंगाच्या बाटलींत भरावें. बाटली धातूची नसावी. ती मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा अंधाऱ्या जागीं ठेवावी व पंधरवड्यानें द्रावण नवें करावें. २० लिटर नितळ पाण्यास हें द्रावण चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, घालून ढवळावें. पाणी किंचित् गढूळ असल्यास दोन चमचे. अर्ध्या तासानें पाणी प्यावें. त्यास मंद वास आला पाहिजे. लोक या वासास नाक मुरडतात, पण तोच संरक्षण शिल्लक असल्याची खूण आहे, हें घरांतील स्त्रियांस समजावून द्यावें. तयार गोळ्याही मिळतात. अर्ध्या ग्रॅमची क्लोरिनची गोळी २० लिटरांस पुरते.

विहिरीसाठीं हिशेब निराळा. व्यास मीटरांत घेऊन त्यास व्यासानेंच गुणावें, पुन्हां पाण्याच्या खोलीनें व ७८५ नीं गुणावें; येईल ती संख्या लिटरांची. ३ मीटर व्यासाच्या विहिरींत २ मीटर पाणी असल्यास तें १४,१३० लिटर होतें. हजार लिटरांस अडीच ग्रॅम या मानानें सुमारें ३५ ग्रॅम पावडर लागते. ती बादलींत कालवून चुना खालीं बसल्यावर वरचें पाणी तेवढें विहिरींत सोडून ढवळावें व एक तास कोणासही पाणी काढूं देऊं नये. गढूळ विहिरीस अधिक मात्रा लागते. म्हणून आरोग्यसेवकाकडून क्लोरिनची चांचणी करवून घ्यावी. विहीर पोटॅशियम परमँगनेटनें लाल करण्याची जुनी चाल मात्र सोडून द्यावी. तिचा भरंवसा धरतां येत नाहीं.

एक मर्यादा ध्यानीं ठेवावी. उकळणें व क्लोरिन हीं जंतूंवर चालतात, क्षारांवर नाहीं. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यांत, किंवा जेथें खोल कूपनलिकांस फ्लोराइड लागतें तेथें, पाणी उकळल्यानें क्षार दाटच होतात. तेथें बाहेरून गोड पाणी आणणें हाच मार्ग.

ज्या गृहस्थांस वस्तुरूपानें साहाय्य करावयाचें असेल त्यांनीं २० लिटरचीं, झांकणाचीं व तोटीचीं भांडीं द्यावीं. मोठी रक्कम देणारांनीं गांवास तोट्या बसविलेली बंद टाकी द्यावी, म्हणजे टँकर विहिरींत रिता करावा लागणार नाहीं. ब्लीचिंग पावडर पाठवितांना डब्यावरील तारीख पाहून ताजी घ्यावी व ती लहान बंद पुड्यांतच धाडावी. मोठें पोतें एकदां फोडलें कीं दमट हवेनें पावडरीचा जोर दिवसेंदिवस उतरतो, आणि शेवटच्या गांवाच्या वांट्यास नुसता चुना येतो.