आपल्या मालाचा इंटरनेटवरील पत्ता : डोमेन नावाची नोंदणी, जोडणी व हस्तांतर

वसई-विरार पट्ट्यातील वाड्यांतून केळी, फुले, विड्याची पाने आणि भाजीपाला वर्षानुवर्षे मुंबईच्या बाजारात जात आहे. राजेळी केळ्यांपासून होणारी सुकेळी ही तर वसईची खास ओळख आहे. अलीकडे काही बागायतदार व महिला बचत गट आपला माल दलालाविना थेट ग्राहकाला विकू लागले आहेत. त्यासाठी पाकिटावर मोबाइल क्रमांकाबरोबर संकेतस्थळाचा पत्ताही छापला जातो. या पत्त्यालाच डोमेन नाव म्हणतात.

संकेतस्थळ तयार करून घेताना शेतकरी छायाचित्रे, रंग व मजकूर यांकडे बारकाईने पाहतात. नाव कोणाच्या नावावर नोंदले गेले, हे मात्र बहुतेक वेळा विचारले जात नाही. काम करून देणारा माणूस सोयीसाठी ते स्वतःच्या नावाने घेतो. पुढे तो व्यवसाय बदलतो किंवा परगावी जातो, आणि हजारो पाकिटांवर छापलेला पत्ता गटाच्या हातून निसटतो. माल आपला, मेहनत आपली, पण पत्ता दुसऱ्याचा, अशी ही स्थिती होते. ती टाळण्यासाठी डोमेन नावाचे व्यवहार कसे चालतात याची माहिती असणे आवश्यक आहे.

डोमेन नाव म्हणजे काय?

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. हे आकडे लक्षात ठेवणे अवघड असल्याने १९८३ साली नावांची पद्धत तयार करण्यात आली. ग्राहकाने नाव टाइप केले की नावांच्या नोंदी सांभाळणारे संगणक त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देतात आणि मग पान उघडते. ग्राहकाला हे काहीच दिसत नाही, कारण सारे काम क्षणार्धात होते.

येथे तीन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्यात. पहिली गोष्ट नाव, दुसरी संकेतस्थळाची पाने जेथे ठेवली जातात ती जागा, म्हणजे होस्टिंग, आणि तिसरी म्हणजे नाव व जागा यांना जोडणाऱ्या नोंदी. तिन्ही एकाच कंपनीकडे असू शकतात किंवा तीन ठिकाणी असू शकतात. बहुतेक घोटाळे या तिन्ही गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. ते खंडाने घेतलेल्या जमिनीप्रमाणे ठरावीक मुदतीसाठी मिळते. मुदत एका वेळी एक ते दहा वर्षांची असते. खंड वेळेवर भरला तर वहिवाट चालू राहते, चुकला तर जाते.

नाव कोण देते?

जगातील नावांच्या व्यवस्थेचा मेळ ‘आयकॅन’ ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था घालते. डॉट इन या भारताच्या नावांची नोंदवही ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते. पूर्वी हे काम मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते. त्या काळी नियम कडक असल्याने १९९२ ते २००४ या वर्षांत डॉट इनखाली सुमारे ७,००० नावेच नोंदली गेली. २००५ पासून नोंदणी सर्वांना खुली झाली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील डॉट भारत ही नावेही सुरू झाली, त्यामुळे मराठीतही पत्ता घेता येतो.

शेतकऱ्याचा थेट संबंध मात्र नोंदवहीशी येत नाही. अधिकृत नोंदणी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, यांच्यामार्फत अर्ज करावा लागतो. बियाणे कंपनीचे आणि आपण ते अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे, तसाच हा प्रकार आहे. निक्सीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त रजिस्ट्रारची यादी आहे. ती पाहूनच निवड करावी.

नाव कसे निवडावे?

१) नाव लहान व उच्चारास सोपे असावे. ते फोनवरून एकदा सांगून समोरच्याने बरोबर लिहिले, तर नाव योग्य समजावे.

२) मराठी शब्द रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जातात. ‘सुकेळी’मधील ‘ळ’साठी रोमन लिपीत स्वतंत्र अक्षर नाही. म्हणून चार-पाच ओळखीच्या माणसांना शब्द लिहावयास सांगावा व ज्या पद्धतीने अधिक जण लिहितील ती घ्यावी. परवडल्यास दुसरे स्पेलिंगही नोंदवावे.

३) देशातील ग्राहकांसाठी डॉट इन किंवा डॉट को डॉट इन पुरेसे आहे. डॉट कूप हे नाव सहकारी संस्थांसाठीच राखलेले आहे. डॉट भारत नाव घेतल्यास जोडीला रोमन लिपीतील नावही ठेवावे, कारण देवनागरी ई-मेल पत्ते अजून सर्व ठिकाणी स्वीकारले जात नाहीत.

४) दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाशी साम्य असलेले नाव घेऊ नये.

नाव जो आधी अर्ज करील त्याला मिळते. नोंदवही अर्जदाराचा त्या मालाशी संबंध आहे की नाही हे तपासत नाही. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तसेच वाडा कोलम तांदळालाही मिळाले आहे. या मानांकनाने मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळते, परंतु त्या नावाचा इंटरनेटवरील पत्ता आपोआप मिळत नाही. तो स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. म्हणून पाकिटाची छपाई करण्यापूर्वी नाव नोंदवून घ्यावे.

नोंदणी करताना घ्यावयाची काळजी

अर्जात ‘नोंदणीधारक’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव पाहतो, तितक्याच काळजीने हा रकाना पाहावा. तेथे शेतकऱ्याचे, गटाचे किंवा उत्पादक कंपनीचेच नाव असावे. तांत्रिक संपर्क म्हणून संकेतस्थळ बनविणाऱ्याचे नाव चालेल, पण नोंदणीधारक म्हणून चालणार नाही.

रजिस्ट्रारकडील खाते आपल्या ई-मेलने उघडावे. हा ई-मेल त्याच डोमेन नावावरचा नसावा. नावाची मुदत संपली की त्यावरील ई-मेलही बंद पडतो आणि मुदतीची सूचना नेमकी त्याच बंद पेटीत जाते. मोबाइल क्रमांकही दीर्घकाळ चालू राहील असाच द्यावा, कारण पासवर्ड बदलताना ओटीपी त्यावर येतो.

डॉट कॉमसारख्या नावांसाठी नोंदणीनंतर ई-मेलवर पडताळणीचा संदेश येतो. १५ दिवसांत त्यास उत्तर न दिल्यास नाव तात्पुरते बंद होऊ शकते. डॉट इनसाठी ओळखीची कागदपत्रे मागितली जातात, ती खरी व अद्ययावत द्यावीत. दर विचारताना पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर न पाहता नूतनीकरणाचा दर विचारावा. पावती गटाच्या नावाने घ्यावी व जपून ठेवावी.

नाव संकेतस्थळाला जोडणे

नाव नोंदले म्हणजे पान दिसू लागत नाही. विहिरीला पाणी असले तरी पाट काढल्याशिवाय ते वाफ्यात जात नाही. हा पाट काढण्याचे काम पुढील नोंदी करतात.

नेमसर्व्हर : या नावाच्या इतर सर्व नोंदी कोणत्या संगणकावर आहेत, हे तो सांगतो. होस्टिंग कंपनी सहसा दोन किंवा अधिक नेमसर्व्हरची नावे देते. ती रजिस्ट्रारच्या खात्यात भरावी.

ए नोंद : नाव कोणत्या आकडी पत्त्यावर न्यावयाचे हे ती सांगते.

सी-नेम नोंद : एक नाव दुसऱ्या नावाकडे वळविते.

एमएक्स नोंद : त्या नावावर येणारी ई-मेल कोठे पोचवायची हे ती सांगते.

प्रत्येक नोंदीला ‘टीटीएल’ नावाची वेळ जोडलेली असते. इतर संगणकांनी जुने उत्तर किती सेकंद लक्षात ठेवावे हे त्यातून ठरते. त्यामुळे बदल केल्यावर काही ग्राहकांना नवे पान, तर काहींना जुने पान दिसते. हा दोष नव्हे. साधारणपणे २४ ते ४८ तास वाट पाहावी. बदल करावयाचा असल्यास एक-दोन दिवस आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणावा, म्हणजे हा काळ कमी होतो.

नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी जुन्या सर्व नोंदी वहीत उतरवून घ्याव्यात व नव्या ठिकाणी भराव्यात. एमएक्स नोंद राहून गेली तर संकेतस्थळ चालू दिसते, पण ग्राहकांच्या ई-मेल येणे बंद होते व ते लवकर लक्षातही येत नाही. नवीन जागा नीट चालते याची खात्री होईपर्यंत जुने होस्टिंग बंद करू नये. गणपती-दिवाळीसारख्या मागणीच्या दिवसांत असे बदल टाळावेत.

हस्तांतर : तीन वेगळी कामे

‘नाव हलवायचे आहे’ असे म्हणताना नेमके कोणते काम करावयाचे आहे हे आधी ठरवावे.

अ) होस्टिंग बदलणे : यात नाव जागचे हलत नाही. फक्त वर सांगितलेल्या नोंदी बदलतात.

आ) रजिस्ट्रार बदलणे : यात नोंदणीधारक तोच राहतो, फक्त नोंदणी कंपनी बदलते. त्यासाठी जुन्या खात्यात जाऊन नावाचे कुलूप काढावे व हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक घ्यावा. तो नव्या रजिस्ट्रारला द्यावा, शुल्क भरावे व ई-मेलवर आलेल्या संदेशाला मान्यता द्यावी. काम साधारणतः पाच ते सात दिवसांत होते. डॉट कॉमसारख्या नावांच्या मुदतीत या वेळी एक वर्षाची भर पडते. नवीन नोंदणीनंतर किंवा नुकत्याच झालेल्या हस्तांतरानंतर साधारणपणे दोन महिने असे हस्तांतर करता येत नाही. म्हणून मुदत संपण्याच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नये, किमान एक महिना आधी काढावे.

इ) नोंदणीधारक बदलणे : हा खरा फेरफार होय. संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या नावावर असलेले नाव गटाच्या नावे करून घेणे यातच मोडते. जुन्या व नव्या दोन्ही धारकांची संमती लागते. त्यामुळे संबंध चांगले आहेत तोवरच हे काम उरकावे. त्या माणसाची राहिलेली रक्कम चुकती करावी, लेखी संमती घ्यावी आणि रजिस्ट्रारच्या खात्यात नवे नाव दिसते याची स्वतः खात्री करावी. केवळ पासवर्ड मिळाला म्हणजे नाव आपले झाले असे समजू नये.

हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक हा घराच्या किल्लीसारखा आहे. तो फोनवर कोणालाही सांगू नये. ‘तुमच्या नावाची मुदत संपत आहे’ अशी पत्रे व संदेश अनोळखी कंपन्यांकडूनही येतात. त्यातील दुव्यावरून पैसे भरू नयेत. स्वतःच्या रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून मुदत पाहावी व तेथेच भरणा करावा.

मुदत चुकल्यास काय होते?

डॉट कॉमसारख्या नावांची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारच्या नियमांनुसार ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने नूतनीकरणाची संधी मिळू शकते, पण या काळात संकेतस्थळ बंद पडू शकते. त्यानंतरच्या ३० दिवसांत जादा आकार भरून नाव सोडवून घेता येते. पुढील ५ दिवसांत ते नोंदवहीतून काढले जाते व कोणासही खुले होते. डॉट इनची पद्धतही साधारण याच धर्तीची आहे, तरी आपल्या रजिस्ट्रारचे नियम वाचून घ्यावेत. चालते नाव सुटले की ते टिपून चढ्या दराने विकणारेही असतात. यास्तव शक्य असल्यास तीन ते पाच वर्षांची मुदत एकदम घ्यावी.

नावावरून वाद झाल्यास

मिळतेजुळते नाव घेऊन ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्यास कायदा पाठीशी घालत नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’च्या दाव्यात ‘रॅडिफ’ हे साम्य असलेले नाव वापरण्यास मनाई केली. ६ मे २००४ रोजी ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. डॉट इन नावांसाठी लवादाची स्वतंत्र पद्धत आहे. तेथे नावावर आपला हक्क आहे, समोरच्याचा त्यात रास्त हितसंबंध नाही, आणि नोंदणी किंवा वापर वाईट हेतूने झाला आहे, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्यासाठी जुनी पाकिटे, बिले, जाहिराती व गटाची नोंदणी उपयोगी पडते. ही कागदपत्रे तारखेनिशी जपून ठेवावीत. तरीही वादाला वेळ व पैसा लागतोच, त्यामानाने वेळेवर केलेली नोंदणी फार स्वस्त पडते.

गटांनी एवढे अवश्य करावे

१) डोमेन नाव ही गटाची मालमत्ता आहे असा ठराव इतिवृत्तात लिहावा. नाव, रजिस्ट्रार, मुदतीची तारीख व जबाबदार सदस्य यांची नोंद करावी.

२) खात्याची माहिती किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावी व पासवर्ड बंद लिफाफ्यात ठेवावा. पदाधिकारी बदलल्यावर ई-मेल, मोबाइल व पासवर्ड बदलावा.

३) नाव एकट्या शेतकऱ्याचे असल्यास घरातील एका जाणत्या व्यक्तीला सर्व माहिती द्यावी. जमिनीची वारस नोंद होते, पण या नावाची आठवण घरच्यांनीच ठेवावी लागते.

४) मुदतीची तारीख दरवर्षी नव्या दिनदर्शिकेवर लिहावी, दोन महिने आधीच्या पानावरही खूण करावी.

ज्यांचे संकेतस्थळ आज चालू आहे त्यांनी रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : नोंदणीधारक कोण, ई-मेल व मोबाइल कोणाचा, आणि मुदत कधी संपते. खात्यात जाण्याची सोयच आपल्याकडे नसेल, तर ती मिळविणे हे पहिले काम समजावे. पुढच्या पाकिटांची छपाई त्यानंतरच करावी.