चिकित्सक-ग्राहकांसाठी मोबाईल माध्यमाची निवड

जिल्ह्यातील बहुतेक घाऊक औषधालयांचा मुख्य ग्राहक रुग्ण नसून चिकित्सक आहे. गेवराई, पाटोदा वा केज येथील वैद्य आपली मागणी बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या औषधालयाकडे फोनवरून नोंदवितात. आता स्वतःचे ॲप करून घ्यावे काय, असा प्रश्न अनेक औषधालयचालक विचारू लागले आहेत. रोगपरीक्षेवाचून औषधयोजना करू नये, हा आपला दंडक येथेही पाळावा, असे आम्हांस वाटते.

मूळ व्याधी तोंडी मागणीत आहे. फोनवर ‘योगराज’ आणि ‘महायोगराज’ यांत गल्लत होण्यास क्षणही पुरतो. पैकी महायोगराज गुग्गुळात भस्मे असतात. सूतशेखरात पारद आहे, लघुसूतशेखरात नाही. म्हणून कल्पाचे पूर्ण नाव, निर्माता व परिमाण लेखी राहणे ही माध्यमाची पहिली कसोटी होय. त्यानंतर देश, काल व बल पाहावे.

देश : आपल्याकडे अँड्रॉइड फोनच बहुसंख्य आहेत, केवळ आयफोनसाठी केलेले ॲप येथे निरुपयोगी ठरेल. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात संपर्क खंडित होतो. यास्तव संपर्क नसतानाही मागणी लिहून ठेवता यावी आणि तो येताच ती आपोआप रवाना व्हावी.

काल : दसऱ्यानंतर ऊसतोड मजूर स्थलांतर करतात व गावोगावच्या चिकित्सालयांची मागणी बदलते. दरही बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोप्रायटरी आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्रंथोक्त नावाने विकल्या जाणाऱ्या शास्त्रोक्त औषधांवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. अशा वेळी छापील दरपत्रक एका दिवसात शिळे होते.

बल : गूगलच्या ॲप-भांडारात नोंदणीस एकदाच २५ डॉलर, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर लागतात. खरा खर्च मात्र ॲप घडविण्याचा, फोनच्या नव्या आवृत्त्यांनुसार ते सुधारण्याचा आणि साठ्याची नोंद रोज अद्ययावत ठेवणाऱ्या माणसाचा आहे.

२०१८ साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेस विनामूल्य आहे आणि बहुतेक वैद्यांना व्हॉट्सॲपची सवय आहेच. परंतु त्याच्या एका प्रसारण-यादीत २५६ संपर्कच बसतात, आणि संदेश आपला क्रमांक साठविलेल्यांनाच मिळतो. औषधांच्या व्यवहारावर त्या कंपनीच्या धोरणात निर्बंध आहेत. म्हणून वस्तुसूची लावण्यापूर्वी ते धोरण वाचावे. सारा व्यवहार परक्या आश्रयावर उभा करू नये. ग्राहकांची यादी व मागणीची नोंदवही स्वतःकडे ठेवावी.

कायद्याचे पथ्य कोणत्याही माध्यमात सुटत नाही. अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेली पोटात घेण्याची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. वत्सनाभयुक्त त्रिभुवनकीर्ती हे त्याचे परिचित उदाहरण. अशा औषधांची मागणी नोंदणीकृत चिकित्सकाकडूनच स्वीकारावी. व्याधी बरी करण्याचे दावे करणारे संदेश सर्वसामान्यांत पसरविणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याखाली अंगलट येऊ शकते. रुग्णाचे नाव मागणीत लिहूच नये.

आमची सूचना अशी की प्रथम ३ महिने लेखी मागणीचा एकच नमुना ठरवून विनामूल्य साधन वापरावे. चुकीचा माल, परत आलेला माल आणि उत्तरास लागलेला वेळ यांची नोंद ठेवावी. मागणी हाताबाहेर जात असल्याचे त्या नोंदीतून दिसले, तरच स्वतःच्या ॲपवर खर्च करावा. शेजारच्या औषधालयाने केले म्हणून आपणही करणे, हे दुसऱ्याच्या रुग्णाची चिठ्ठी आपल्या रुग्णास लावण्यासारखे आहे.