डायल केलं की माउस गोठतो

प्रश्न : विंडोज ९८ च्या पीसीत आयएसए कार्डाचा ५६ के इंटर्नल मोडेम बसवला. डायल केलं की माउस हलतच नाही. मोडेम खराब आहे का?

उत्तर : मोडेम बहुधा ठणठणीत आहे. तुमचा माउस सिरियल, म्हणजे कॉम १ वर असणार. मोडेमने कॉम ३ घेतला, की दोघंही आयआरक्यू ४ वर हक्क सांगतात. पीसीचा प्लग काढून कार्डाचे जंपर कॉम २, आयआरक्यू ३ वर लावा. मग बायोसमध्ये मदरबोर्डचा स्वतःचा कॉम २ बंद करा. नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. एक्स्चेंज जुनं असेल, तर टोनऐवजी पल्स डायलिंग निवडा. आणि ५६ के चा वेग फक्त डाउनलोडचा, तोही कागदावर. मेल पाठवताना जास्तीत जास्त ३३.६ च.