शेवटचे ताट

शास्त्रपाठ : ईयोब १:४-५, नहेम्या ८:९-१२, मार्क ६:२१-२८, लूक १४:१२-१४, योहान २१:९-१३

वाढदिवस आणि सण ख्रिस्ती कुटुंबाने कसे पाळावेत हा या धड्याचा विषय आहे. विषय सोपा वाटतो. पण मला तो फार उशिरा समजला, आणि ज्या माउलीकडून समजला ती तोवर या जगात राहिली नव्हती. म्हणून आधी घरची हकीगत सांगतो आणि मग शास्त्राकडे वळतो.

१९७८ साली बालाघाटात आमच्या थोरल्या मुलाचा पहिला वाढदिवस झाला. मी शाळामास्तर, पगार बेताचा. तरी साठ माणसांना बोलावणे केले. गोंदियाहून लहान रुळांच्या गाडीने मांडीवर खोका धरून केक आणला. ओळखीच्या दुकानदाराकडून दोनशे रुपये उसने घेतले आणि पुढचे चार महिने ते फेडले. पाळक साहेबांनी प्रार्थना केली, गीते झाली, पंगती उठल्या. सगळ्यांनी वाहवा केली. आई मात्र सकाळपासून चुलीपुढे होती. रात्री अकरा वाजता तिने पातेल्याला लागलेला भात खरवडून घेतला आणि ती जेवायला बसली. माझी सहा वर्षांची पुतणी तिच्याजवळ जाऊन म्हणाली, “आजी, तुझा वाढदिवस कधी असतो?” आई हसली. म्हणाली, “रोवणीच्या दिवसांत झाली म्हणत मी. तारीख कोण लिहून ठेवते बाप्पा!” आम्हीही हसलो आणि विसरून गेलो.

१९८४ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई प्रभूकडे गेली. कबरेवर दगड बसवायचा होता. दगड कोरणाऱ्याने कागद पुढे केला : नाव, जन्म, मृत्यू. मी ‘जन्म’ या शब्दापाशी थांबलो. पाच भावंडे होतो आम्ही. एकालाही सांगता येईना. दगडावर आज एकच तारीख आहे. आमच्या मुलाच्या वाढदिवसाला मी कर्ज काढले, पण आईला तिचा दिवस विचारायला मला साठ वर्षांच्या त्या बाईजवळ पाच मिनिटे बसता आले नाही. या धड्यातले सर्व विचार त्या कोऱ्या जागेपासून सुरू झाले.

१. शास्त्रात वाढदिवस

पवित्र शास्त्रात वाढदिवस असे स्पष्ट म्हटलेले प्रसंग थोडेच आहेत. फारोने आपल्या वाढदिवशी सेवकांना मेजवानी दिली आणि त्याच दिवशी आचाऱ्यांच्या नायकाला फाशी दिले (उत्पत्ति ४०:२०-२२). हेरोदाच्या वाढदिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आणले गेले. तिसऱ्या शतकातला ओरिगेन हा मोठा शास्त्री याच उदाहरणांवरून म्हणत असे की वाढदिवस पाळणे पापी लोकांचे काम आहे. आजही काही विश्वासी बंधुभगिनी असेच मानतात.

पण मार्काचा वृत्तांत सावकाश वाचावा. हेरोदाचे पाप तारखेत नव्हते. त्याला वाईट वाटले होते, असे मार्क लिहितो. तरी त्याने शब्द मागे घेतला नाही. का? आपल्या शपथेमुळे, आणि पंगतीला बसलेल्या लोकांमुळे. चार लोक काय म्हणतील, या भीतीपायी एका नीतिमान मनुष्याचा जीव गेला. आपल्या हातून शिर जात नाही. पण चार लोक काय म्हणतील यासाठी कर्ज निघते, मुलाची फी राहते, म्हाताऱ्या माणसाचे औषध राहते. माझे दोनशे रुपये त्याच भीतीचे होते.

याच्या उलट ईयोबाचे घर पाहा. त्याचे मुलगे आपापल्या दिवशी मेजवानी करीत आणि बहिणींनाही बोलावीत. ‘आपापला दिवस’ म्हणजे वाढदिवस, असे काही अभ्यासक समजतात. ईयोबाने मेजवानी बंद केली नाही. मेजवानीचे दिवस सरले की तो मुलांना बोलावून त्यांना शुद्ध करी, आणि पहाटे उठून प्रत्येकासाठी होमार्पण करी. येथे आनंद आहे, भावंडांची एकी आहे, आणि मागून देवापुढे मनाची झडतीही आहे. आमच्या घरी पहिली गोष्ट झाली, दुसरी थोडी झाली, तिसरी झालीच नाही.

२. रीती कोठून आल्या

आपण ज्याला नाताळ म्हणतो तो शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचा अर्थच जन्माशी निगडित आहे. म्हणजे आपला सर्वांत मोठा सण हाच एक वाढदिवस आहे. तरी प्रभू येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत दिलेली नाही. २५ डिसेंबरला हा सण पाळल्याची रोम येथील जुनी नोंद इ. स. ३३६ सालची आहे. उलट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन पुढाऱ्यांनी १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळण्यावर दंड ठेवला होता. दारू, जुगार आणि धिंगाणा यांना ते कंटाळले होते, आणि शास्त्रात या सणाची आज्ञा नाही असेही त्यांचे म्हणणे होते. केकवर वयाइतक्या मेणबत्त्या लावल्याची एक जुनी नोंद तर १७४६ सालची, मोरेव्हियन मंडळीचे पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या वाढदिवसाची आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. रीती माणसांनी आणल्या आहेत, म्हणून त्यांचे ओझे कोणावर लादू नये. ज्या घरी केक नाही त्या घरी वाढदिवस नाही, असे नाही. आणि ज्या घरी केक आहे ते घर जगिक झाले, असेही नाही. आमच्या लहानपणी नाताळचा केक पातेल्यात वाळू घालून, खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून घरीच भाजत. एक बाजू करपे. तीही कोणी टाकीत नसे.

३. अन्न आणि वाटा

नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले. तेव्हा त्यांना काय सांगितले गेले? उपास करा, असे नाही. जा, चांगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही सिद्ध झालेले नाही त्यांना वाटा पाठवा. एस्तेरच्या पुस्तकातही सुटकेच्या सणात एकमेकांना ताटे पाठवणे आणि गरिबांना दाने देणे सांगितले आहे (एस्तेर ९:२२). शास्त्राप्रमाणे वाटा बाहेर गेल्याशिवाय सण पुरा होत नाही.

आमचा बालाघाट जिल्हा धानाचा. वैनगंगेच्या या खोऱ्यात नाताळ येतो तो धान कापून झाल्यावर. येथील सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याआधी कितीतरी वर्षे नव्या चिन्नोरची खीर हाच आमच्या घरी नाताळचा पहिला पदार्थ होता. मग करंज्या, अनारसे, शंकरपाळे, चिवडा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रचना बदलली. भंडारा जिल्हा आणि त्यातले गोंदिया तिकडे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. मामा तिकडचे, आम्ही इकडचे. मुले शाळेत हिंदी शिकू लागली. नातवंडे नाताळची गाणी हिंदीत म्हणू लागली. पण करंजीची मुरड घालायला आजीजवळ बसली की बोलणे आपोआप मराठीत येई. घराची भाषा आणि घराचा विश्वास पुष्कळदा स्वयंपाकघरातच पुढच्या पिढीला मिळतो. म्हणून फराळ विकत आणावा लागला तरी एक पदार्थ मुलांना घेऊन घरी करावा, असे मी सुचवीन.

आई गेली त्या वर्षी आम्ही ठरवले, यंदा नाताळचा फराळ नाही. २४ तारखेला संध्याकाळी शेजारच्या हिंदू काकू फडक्याने झाकलेले ताट घेऊन आल्या. त्यांच्या दिवाळीचे ताट आमच्याकडे येई आणि आमच्या नाताळचे त्यांच्याकडे जाई. ताट कधी रिकामे परत करायचे नाही, असा दोघींचा नेम होता. काकू म्हणाल्या, “तुमच्या आईचे ताट मागच्या नाताळपासून माझ्याकडे राहिले होते. रिकामे कसे देऊ?” ताटात करंज्या होत्या. आम्ही सर्वजण रडलो, आणि मग खाल्ल्या. नहेम्याचा तो अध्याय मी कित्येकदा वाचला होता. त्या संध्याकाळी तो मला समजला. ज्या घरात सण सिद्ध झालेला नाही ते घर नेहमी गरिबाचेच असते असे नाही. ते दुःखाचेही असते. ज्यांची मुले कामासाठी दूर गेली आहेत आणि सुटी मिळाली नाही, तेही असते.

प्रभूने तर याहून पुढे सांगितले आहे : परत बोलावू शकणार नाहीत अशांना बोलवा (लूक १४:१२-१४). आपण प्रत्येकाने आपली शेवटची पाहुण्यांची यादी आठवून पाहावी.

४. शेवटचे ताट कोणाचे?

करिंथच्या मंडळीत एक जण तृप्त होई आणि दुसरा उपाशी राही, म्हणून पौलाने त्यांना कडक शब्दांत दोष दिला (१ करिंथ ११:२०-२२). आपल्या घरात हीच गोष्ट प्रेमाच्या नावाखाली चालते. आई, सून, बहीण शेवटी जेवते आणि आपण म्हणतो, तिला त्यातच समाधान आहे. असेलही. पण आम्ही कधी विचारले का?

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू तिबिर्या समुद्राच्या काठी उभा आहे. रात्रभर जाळी टाकून शिष्य थकले आहेत. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि प्रभू त्यांना जेवायला बोलावतो. मरणावर जय मिळवलेला प्रभू विस्तवापाशी उभा राहून आपल्या माणसांना जेवू घालतो. मग कुटुंबप्रमुखाने, मुलांनी, जावयांनी चुलीपाशी उभे राहण्यात कमीपणा कसला?

आईच्या जाण्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही एक नेम केला. रोवणी आटोपल्यावरचा पहिला रविवार हा आईचा वाढदिवस. त्या दिवशी घरातले पुरुष स्वयंपाक करतात, बायका आणि लेकरे आधी बसतात. पहिल्या वर्षी भात खालून करपला आणि वरण अळणी झाले. माझ्या पत्नीने ते सगळे खाल्ले आणि म्हणाली, “आईंनी असते तर मीठ मागून घेतले नसते, मी मागते.” त्या दिवशी आमच्या घरात काहीतरी सुधारले.

५. मागे वळून पाहणे

वाढदिवस म्हणजे दिवस मोजण्याची वेळ. नव्वदावे स्तोत्र हीच बुद्धी देवाजवळ मागते. शमुवेलाने दगड उभा करून येथवर देवाने साहाय्य केले याची खूण ठेवली (१ शमुवेल ७:१२). आपणही खूण ठेवावी. एक साधी वही करावी. प्रत्येक वाढदिवशी त्या व्यक्तीने तीन ओळी लिहाव्यात : या वर्षी देवाने काय दिले, मला कोणी सांभाळले, आणि कोणाशी समेट करायचा राहिला. तिसरी ओळ सर्वांत अवघड असते. पण केकपेक्षा तीच पुष्कळ दिवस पुरते.

त्याच वहीत बाप्तिस्म्याची तारीखही लिहावी. रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, आणि बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना, म्हणजे आमच्या गोंदियावरून जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर, एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचण्यास सांगितले होते. त्यांच्या या दुसऱ्या जन्मदिवसाने लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आले. घर दुभंगले, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा पुढे १९०० मध्ये झाला. आपल्या आनंदाच्या दिवशी जवळचे कोणी दुःखात आहे का, हेही पाहावे, असे त्या घराचे उदाहरण सांगते.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांना एक विनंती. शाळेच्या दाखल्यावर पुष्कळांची जन्मतारीख १ जुलै आहे. ती मास्तरांनी सोयीसाठी लिहिलेली असते. म्हणून दाखला बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा. रोवणी होती की कापणी? राज्ये बदलली तेव्हा तुम्ही केवढे होता? तुमच्या पाठचे कोण? तारीख मिळाली तर उत्तम; नाही मिळाली तरी त्यांचे आयुष्य तुम्हांला मिळेल.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक रक्तसाक्ष्यांचा मृत्युदिन हाच त्यांचा जन्मदिन म्हणून पाळीत. आईच्या दगडावरच्या एकट्या तारखेकडे मी आता त्या आशेने पाहतो. तरी खरे सांगतो, तिच्या शेजारची कोरी जागा मला अजून बोचते. ती तुमच्या वाट्याला येऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. हेरोदाने ‘चार लोकांसाठी’ केले तसे आपण कोणत्या समारंभात केले?
२. आपल्या घरी सणाच्या दिवशी शेवटी कोण जेवते? येत्या सणाला तो क्रम बदलता येईल का?
३. आपल्या मंडळीत यंदा कोणाच्या घरी सण सिद्ध झालेला नाही? वाटा कोण नेईल?
४. आपल्या आईवडिलांचे जन्मदिवस व बाप्तिस्म्याचे दिवस आपणांस ठाऊक आहेत काय?

प्रार्थना : हे दयाळू बापा, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. आमच्या पंगतीतून दिखावा काढून टाक. जे आमच्यासाठी राबतात त्यांना वेळेवर ओळखण्याची बुद्धी आम्हांस दे, आणि आमच्या घरचे ताट कोणाच्या दारी रिकामे जाऊ देऊ नकोस. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.