दोन हजार आले, पण कुठले?

पोरा, घरच्या कागदपत्रांचा डबा आता तुझ्याकडं आलाय. औत धरायला कुणीही शिकवेल, सरकारी पैसा कुठं अडकतो ते कुणी सांगत नाही. म्हणून चार गोष्टी कानात घालतो.

आधी नाव बघ. आपण बोलतो मराठी, पासबुक इंग्रजीत आणि गाव कर्नाटकात म्हणून उतारा कानडीत. एका जागी आडनाव, दुसऱ्या जागी नुसतं बापाचं नाव. तुझ्या काकूचं तर उताऱ्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. एवढ्यावर हप्ता थांबतो. आपल्याला कानडी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला शेजारी बसव आणि अक्षर न् अक्षर वाचून घे.

घरात कुणी वारलं तर दिवस झाले की वारसाची वर्दी दे. भावाभावांचं पटेल तेव्हा बघू म्हणून ठेवलेला उतारा मेलेल्याच्या नावावरच राहतो. केंद्राच्या पीएम किसान योजनेला 1 फेब्रुवारी 2019 ला नावावर असलेली जमीन धरतात. त्यानंतर विकत घेतलेली चालत नाही, वारसानं आलेली चालते.

रयत संपर्क केंद्रात तुझा शेतकरी नोंदणीचा, म्हणजे फ्रुट्सचा नंबर आहे, एफआयडी म्हणतात तो. त्यात एकूण एक सर्व्हे नंबर चढलाय का विचार. मळ्याचं रान चढवलं आणि नदीकाठचं राहिलं, तर वेदगंगेला पूर आल्यावर नेमकं राहिलेलंच बुडतं आणि भरपाईच्या यादीत त्याचा पत्ता नसतो. पीक पाहणीला पोरगा आला की त्याच्याबरोबर बांधावर जा. रानात ऊस आणि मोबाईलात सोयाबीन, असं झालं तर पुढं भांडायला तोंड राहत नाही.

पैसा तू लिहून दिलेल्या खात्यातच येईल असं समजू नकोस. आधारला शेवटी जे खातं जोडलं, त्यात तो जातो. लोक एका बँकेत हेलपाटे मारतात आणि पैसा दुसरीत पडून असतो. केवायसीला तुझ्या आजीचा अंगठा मशीन घेत नाही, तंबाखूच्या कामानं बोटं घासलीत. चेहरा दाखवूनही केवायसी होते, तसं करून घे. मोबाईलवर ‘पीएम किसान’ म्हणून फाईल आली तर उघडू नकोस, खातं रिकामं होईल. शंका आली तर 155261 ला फोन लाव.

पैसे आले की वहीत लिही, तारखेसकट. पीएम किसानचा हप्ता दोन हजारांचा, घरातल्या बाईला राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार, आणि 2023 च्या दुष्काळाचा राज्यानं दिलेला पहिला हप्ताही दोन हजारांपर्यंतचाच होता. नोंद नसेल तर कुठला आला आणि कुठला बुडाला, हे कळायचं नाही.

कागलच्या पाव्हण्याचा हेवा करू नकोस. त्याला केंद्राचे सहा हजार आणि वर महाराष्ट्राच्या नमो योजनेचे सहा. आपल्याकडं कर्नाटक 2019 पासून वरचे चार हजार देत होतं, ते 2023 ला बंद झाले. पलीकडच्या हद्दीतल्या तुकड्यावर बायकोचं नाव घालून दुसरा हप्ता काढायच्या नादाला लागू नकोस. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब धरतात, त्याला हप्ता एकच. जादा घेतलेला परत भरावा लागतो.

आणि शेवटचं. हक्काचा पैसा आहे, सोडू नकोस, पण पेरणीचा हिशेब त्याच्यावर मांडू नकोस. वर्षाला सहा हजार म्हणजे महिन्याला पाचशे. खरी गरज दराची. 1981 ला शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं निपाणीत आम्ही हायवेवर बसलो ते तंबाखूच्या दरासाठी. 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. अनुदान मागायला कुणी बसलं नव्हतं. उद्या कुणी म्हणालं, ‘हप्ता मिळतोय ना, मग दर कशाला मागता?’ तर वही उघड आणि एका एकराचा खर्च त्याला वाचून दाखव.