पिकाची राखण आणि राखणदार

आपल्या नानाखेड्याहून इंदूरच्या रस्त्याला लागले, की हळूहळू शहराची वस्ती मागे पडते आणि श्रावणात दोन्ही बाजूंस सोयाबीनची हिरवी शेते दिसू लागतात. त्या हिरवाईत पाठीवर पंप बांधून फवारणी करीत चाललेला एखादा मनुष्य दृष्टीस पडतो. तो पिकाचा राखणदार खरा. परंतु या राखणदाराची राखण कोण करतो, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

शेतकरी ज्याला सहजपणे ‘औषध’ म्हणतो, ते वस्तुतः विष होय. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके मज्जातंतूंच्या कार्यावर आघात करतात. मज्जातंतूचा संदेश स्नायूस पोहोचविणारा ॲसिटिलकोलीन हा पदार्थ, काम संपताच, एका विकराकडून नष्ट केला जातो. विष त्या विकरालाच निकामी करते. मग संदेश थांबत नाही. स्नायू फडफडतात, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि अखेर श्वास कोंडतो. ॲसिटिलकोलीन आणि त्याला नष्ट करणारा हा विकर किड्याच्या व माणसाच्या दोघांच्याही मज्जासंस्थेत असल्यामुळे विष दोघांत भेद करीत नाही. शिवाय ते केवळ नाकातोंडावाटे नव्हे, तर भिजलेल्या कपड्यांतून कातडीवाटेही शरीरात शिरते.

२०१७ च्या पावसाळ्यात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात याचा दारुण प्रत्यय आला. कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि सुमारे वीस जण प्राणास मुकले. त्यांनी हातमोजे घातले नव्हते, तोंड झाकले नव्हते, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. ते खोटे नव्हे. पण तेवढ्याने सत्य संपत नाही. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच व दाट वाढली होती. फवारा थेट तोंडावर येई. दमट उकाड्यात जाड पोशाख घालून दिवसभर राबणे दुष्कर होते. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, तेव्हा फवारण्या कमी होतील अशी आशा होती. परंतु गुलाबी बोंडअळी त्या वाणाला दाद देईनाशी झाली. कशात काय मिसळावे हे सांगणारा बहुधा दुकानदार, आणि उधारीही त्याचीच. मजुराला तर डब्यात काय आहे, हे विचारण्याचाही अवसर नसतो. मग निवड त्याची होती, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

कायद्याची चालही पाहण्यासारखी आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या विषाने दूषित झालेले पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. २००५ मध्ये भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास मनाई झाली. कपाशीवर मात्र ते चालू राहिले. भाजी खाणाऱ्याची काळजी घेतली गेली, फवाऱ्यात उभा राहणारा तसाच राहिला. यवतमाळच्या घटनेनंतर शासनाच्या विशेष तपास पथकाने त्यावर संपूर्ण बंदीची शिफारस केली. पण त्याच्या ३६ टक्क्यांच्या प्रचलित द्रावणावर बंदीचा केंद्रीय आदेश निघण्यास २०२३ साल उजाडले.

आपल्या प्रांतालाही हे दुःख अपरिचित नाही. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री, भोपाळच्या ज्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारोंचे प्राण गेले, तेथे सेविन नावाचे कीटकनाशकच तयार होत असे. कारखान्याशेजारची झोपडी काय किंवा कपाशीचे शेत काय, प्रथम बळी गेला तो गरिबाचाच.

मग उपाय कोणता? त्याचे एक सूत्र आपल्या माळव्यातच सापडते. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संस्थेत पालापाचोळा, शेण इत्यादींपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. ती पुढे जगभर गेली. कीड ही शेतीतील दोषाची खूण समजावी, अशी त्यांची दृष्टी होती. निंबोळी अर्क, कामगंध सापळे, पिकांची फेरपालट हे मार्गही उपलब्ध आहेत. तथापि उतावळेपणाही घातकच. श्रीलंकेत २०२१ मध्ये रासायनिक खते व कीटकनाशके यांची आयात एकाएकी बंद करण्यात आली; उत्पन्न घटले आणि त्याच वर्षी निर्णय फिरवावा लागला.

तात्पर्य, बदल हवा. पण त्याची सारी झीज एकट्या शेतकऱ्याने सोसावी, हे न्यायाचे नव्हे. त्याला दुकानदाराखेरीज दुसरा जाणता सल्लागार मिळावा, उधारीची बेडी तुटावी, आणि विष टाळल्याने पीक थोडे कमी आले तरी घर चालेल असा भाव मिळावा. मंडईत किडीचा एक डाग दिसताच वांगे बाजूस टाकणाऱ्या आपणही याचा विचार करावा. आपल्या ताटातील अन्न निर्विष असावे, ही इच्छा योग्यच आहे. परंतु ते पिकविणाऱ्याचा श्वासही निर्विष असावा, अशी इच्छा धरल्यावाचून ती पुरी होत नाही.