पहिलटकरणीला ताप आला तर

अगं, सातवा लागला तुला. आता ओटी भरून सेनगावला येशीलच. डिंक-मेथीचं आई बघेल. मला तुझ्याशी हिवतापाचं बोलायचंय, कारण ते घरात कुणी काढणार नाही. काढलंच तर म्हणतील, "आपण डासांतच लहानाचे मोठे झालो, काय होतंय?" या बोलण्यावर या दिवसांत विसंबू नकोस बाई.

डास चावून अंगात ताकद मुरत नाही. हिवतापच पुन्हा पुन्हा व्हावा लागतो, तोही वर्षानुवर्षं. आफ्रिकेत ज्या गावांत तो बारमाही असतो, तिथल्या बायकांच्या रक्तात लहानपणापासून प्रतिपिंडं साठत जातात. आणि तरीही पहिल्या खेपेला त्याच बायकांना तो गाठतो. वार तयार झाली की फाल्सिपेरम जातीच्या जंतूला नवी जागा मिळते. जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी वारेतल्या एका विशिष्ट साखरेला चिकटून बसतात. मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी या संशोधकांनी हे 1996 मध्ये दाखवलं. असे चिकटणारे जंतू त्या बाईच्या जुन्या प्रतिपिंडांच्या ओळखीचे नसतात. एक-दोन बाळंतपणांनंतर मात्र हे चिकटणं अडवणारी प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून तिथे पुढच्या खेपा थोड्या सोप्या जातात.

आपल्याकडे तेही नाही. महाराष्ट्रात हिवतापाचा खरा जोर गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात. आपल्या भागात तो अधूनमधून येतो, त्यामुळे अंगात काही साठतच नाही. थोरल्या जाऊबाईंची तीन बाळंतपणं सुखरूप झाली, याचा आनंदच आहे. पण त्यांच्याही अंगात हे कवच असेल असं धरू नकोस. वारेत जंतूंची गर्दी झाली की बाळाचं पोषण तुटतं, ते कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मतं. आईचं रक्त उतरतं ते वेगळंच.

म्हणून थंडी वाजून ताप आला, की त्याच दिवशी रक्त तपासायचं. आशाताईंकडे किट असतं. बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतात, वर औषधाचे थेंब टाकतात, पंधरा-वीस मिनिटांत रेघा उमटतात. एकच रेघ आली म्हणजे हिवताप दिसला नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. जंतू वारेत दडले असतील तर बोटाच्या रक्तात कमी सापडतात. ताप उतरला नाही तर पुन्हा तपास, काचपट्टीवरही रक्त द्यायचं.

आणि हे नीट ऐक: घरात कुणाच्या मागच्या तापाच्या गोळ्या उरल्या असतील, त्यांना हात लावू नकोस. त्यात प्रायमाक्विन असू शकतं, ते गरोदरपणात चालत नाही. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीचा हिवताप निघाला तर क्लोरोक्विन देतात, ते चालतं. फाल्सिपेरमचं औषध कितवा महिना आहे ते बघून डॉक्टर ठरवतात. दवाखान्यात गेल्या गेल्या महिना सांगायचा, पोट दिसत असलं तरी.

मच्छरदाणी मी धुऊन ठेवलीय, दुपारी आडवी झालीस तरी लाव. पिण्याचं पाणी आपल्याकडे साठवावंच लागतं, आणि हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. रांजण आणि हौद आठवड्यातून एकदा घासून कोरडे करायचं माझ्याकडे.

ताप आला तर "सकाळी बघू" म्हणू नकोस. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत.